लांकडाची पारख

वेरूळला जाणारा प्रवासी कैलासासमोर उभा राहिला म्हणजे त्याचें भान हरपतें, व तेथून परततांना दहाव्या लेण्याकडे वळण्याइतकी उमेद त्याच्या पायांत उरत नाहीं. आमचें मत विचाराल तर ज्यास घर बांधावयाचें आहे, किंवा नुसता एक पलंग जरी करावयाचा आहे, त्यानें कैलासाच्या आधीं तें लेणें पाहावें. पंडित त्यास विश्वकर्मा लेणें म्हणतात. आसपासचे लोक पूर्वापार ‘सुताराची झोपडी’ म्हणत आले आहेत, आणि लोकांनीं दिलेलें नांवच आम्हांस अधिक मार्मिक वाटतें. हें सातव्या शतकाच्या सुमाराचें बौद्ध चैत्यगृह. आंत जाऊन मान वर केली कीं छताला एकामागून एक कमानदार वासे लागलेले दिसतात. पण तेथें लांकडाचा तुकडाहि नाहीं. सारा एकसंध पाषाण! त्या वाशांनीं कसलाहि भार तोललेला नाहीं, कारण वर छप्पर नसून डोंगर आहे. मग ते कोरले कशाला? तर ज्या कारागिरांच्या घराण्यांनीं पिढ्यान् पिढ्या लांकडाचीं सभागृहें उभारलेलीं पाहिलीं, त्यांच्या डोळ्यांना वाशांवांचून घर हें घरच वाटेना. दगड हातीं आला, तरी मनांत लांकूडच होतें.

हें नुसतें अनुमान नव्हे. लोणावळ्याजवळील कार्ले येथें चैत्यगृहाच्या छताला खरेखुरे सागवानी वासे आजहि आहेत, व त्यांचें वय दोन हजार वर्षांच्या आसपास आहे. इतका काळ तें लांकूड टिकलें कसें, याचा उलगडा ज्याला झाला त्याला लांकडाचें निम्मे शास्त्र कळलें असें समजावें. तें लांकूड पावसांत भिजत नाहीं, जमिनीला टेकत नाहीं, आणि त्याच्याभोंवतीं वारा खेळता आहे. लांकूड वयानें कुजत नाहीं, तें ओलाव्यानें कुजतें. कुजविणाऱ्या बुरशीला जगावयास लांकडांत शेंकडा २० च्या वर ओल लागते. तेवढी ओल तिला मिळूं दिली नाहीं तर तिची मात्रा चालत नाहीं. राहिली वाळवी. तिच्या बंदोबस्तासाठीं सागाच्या गाभ्यांत निसर्गानेंच तेलकट व कडवट द्रव्यें भरून ठेविलीं आहेत.

घराच्या ओलीविषयीं आम्ही या सदरांत लिहिलें, त्यानंतर कित्येक वाचकांनीं एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला: नव्या घराचीं दारें, मुलीच्या लग्नांत द्यावयाचें कपाट किंवा देव्हारा करावयाचा तर लांकूड कोणतें घ्यावें? बहुतेकांनीं उत्तरहि स्वतःच लिहून टाकलें आहे, कीं ‘अर्थात् सागवान’. या ‘अर्थात्’ मध्येंच सगळी फसगत आहे. साग हें एका झाडाचें नांव आहे. लांकडाच्या गुणाची ती हमी नव्हे.

आपल्या पूर्वजांनीं या विषयाचा विचार किती बारकाईनें केला होता हें पाहावयाचें असेल तर सहाव्या शतकांतील वराहमिहिराची बृहत्संहिता उघडावी. तींत शय्या व आसनें यांच्या लक्षणांचें एक स्वतंत्र प्रकरण आहे. पलंगाला व आसनाला योग्य म्हणून जीं झाडें त्यांत सांगितलीं आहेत, त्यांत असन म्हणजे आपला बिबळा, स्पंदन म्हणजे तिवस, तिंदुकी म्हणजे टेंभुर्णी, काश्मरी म्हणजे शिवण, शिंशपा म्हणजे शिसवाच्या जातीचें झाड, आणि शाक म्हणजे साग, हीं आलीं आहेत. शिवाय चंदन, देवदार, साल वगैरे. (‘शाक’ याचाच अपभ्रंश साग. इंग्रजांचा ‘टीक’ मात्र मलयाळम् ‘तेक्क’ या शब्दावरून गेला.) त्यापुढें वर्ज्य झाडांची यादी आहे. वीज पडलेलें, वाऱ्यानें वा पाण्याच्या लोंढ्यानें उन्मळलेलें, हत्तीनें पाडलेलें, ज्यावर पक्ष्यांचीं घरटीं वा मधमाशांचीं पोळीं आहेत असें, शेंडा वाळलेलें, वेलींनीं वेढलेलें, कांटेरी, स्मशानांतलें, देवालयांतलें. हल्लींचे तरुण अशी यादी वाचून हंसतात. त्यांनीं ती एखाद्या जुन्या सुतारापुढें वाचावी. वीज पडल्यानें व उन्मळून आपटल्यानें खोडाला आंतून चिरा जातात, व त्या रंधा मारीपर्यंत दिसत नाहींत. शेंडा वाळणें हें मुळाशीं वा गाभ्यांत रोग असल्याचें चिन्ह आहे. पक्षी व माशा घर करतात तें पोकळीच्या आश्रयानें. वेलीचा विळखा बसलेल्या खोडाचे तंतु पिळवटलेले असतात, व असें लांकूड कापल्यावरहि पीळ सोडीत नाहीं. झाड पश्चिमेस पडलें कीं दक्षिणेस, याविषयींचे शकुनहि तेथें दिले आहेत. त्यांत आम्हांस कांहीं तथ्य आढळलें नाहीं, आणि तसें म्हणण्यास आम्हांस संकोचहि वाटत नाहीं.

आतां वखारींत जाऊं. ओंडक्याचा आडवा काप पाहिला तर त्यांत दोन भाग स्पष्ट दिसतात. मधला सोनेरी-तपकिरी तो गाभा. सालीजवळचा फिकट पांढरा पट्टा तें रसकाष्ठ. जिवंत झाडांत पाणी वाहून नेण्याचें काम या पांढऱ्या भागाचें. वर ज्या रक्षक द्रव्यांचा उल्लेख केला तीं सारीं गाभ्यांत. पांढऱ्या भागांत त्यांचा अभाव. म्हणून सागाच्या पांढऱ्या भागाला वाळवी व भुंगेरा आंब्याच्या लांकडाइतक्याच आवडीनें खातात. झाड जितकें कोवळें तितका त्यांत पांढरा भाग अधिक. वीस-पंचवीस वर्षांच्या लागवडीच्या सागाची चौकट आणि शंभर वर्षें जंगलांत सावकाश वाढलेल्या सागाची चौकट, दोहोंनाहि दुकानदार सागवानच म्हणणार, व तें खोटेंहि नाहीं! बाजारांत चंद्रपूर-गडचिरोलीकडील माल ‘बल्लारशा साग’ किंवा जुन्या मध्यप्रांताच्या नांवानें ‘सीपी साग’ म्हणून ओळखला जातो व त्याची प्रतिष्ठा मोठी आहे; अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठीं २०२३ सालीं बल्लारपूरहूनच साग वाजतगाजत रवाना झाला. घाना, पनामा, इक्वेडोर अशा देशांतला लागवडीचा सागहि आतां आपल्या वखारींतून सर्रास दिसतो. ब्रह्मदेशानें १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली, तरी ‘बर्मा’ हा शब्द विक्रेत्यांच्या जिभेवर अद्याप आहे. कोणी हें नांव घेतलेंच तर कागद दाखविण्यास सांगावें. तसेंहि सागाच्या झाडाची तोड परवानगीवांचून करतां येत नाहीं. महाराष्ट्रांत त्यासाठीं १९६४ चा कायदा आहे. तेव्हां पावती व वाहतुकीचा परवाना मागण्यांत शिष्टाचाराचा भंग होत नाहीं.

नांवगांव सोडून लांकडालाच विचारावें हें उत्तम. खिशांतल्या चाकूनें एक कोपरा तासावा. ताज्या गाभ्याला कातड्याचा भास होणारा तेलकट वास येतो, व बोटाला किंचित् मेणचट लागतें. रंग वरवर चढविलेला असेल तर तासल्याबरोबर खालचा फिकेपणा उघडा पडतो. म्हणून आधींच पॉलिश केलेला माल शक्यतों घेऊंच नये. फळी एका टोंकाला डोळा लावून लांबवर पाहावी, वांक व पीळ तेथेंच कळतो. दोन सारख्या मापाच्या फळ्या हातांत तोलाव्या. एक दुसरीपेक्षां फार जड लागली तर बहुधा ती ओली आहे.

ओल हा या सर्व विषयाचा मर्मबिंदु आहे, आणि गृहस्थ लोक त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष देतात. आमच्या छत्रपती संभाजीनगरची हवा वैशाखांत अशी कोरडी कीं दुपारीं वाळत घातलेलें धोतर तासाभरांत कडकडीत व्हावें. श्रावणांत तीच हवा दमट. लांकूड हवेबरोबर ओल घेतें व सोडतें, आणि त्या मानानें फुगतें व आवळतें. गंमत अशी कीं, लांबींत हा फरक जवळजवळ शून्य. जो पडतो तो रुंदींत. साग हें या बाबतींत फार सोशीक लांकूड, तरी ओल्याचें पूर्ण सुकें होईपर्यंत तें वलयांच्या दिशेनें शेंकडा सुमारें ५.८ व त्रिज्येच्या दिशेनें शेंकडा सुमारें २.५ आकसतें. चांगलें सुकविलेलें लांकूड घेतलें, आणि उन्हाळ्या-पावसाळ्यांत त्याच्या ओलाव्यांत पांच-सहा टक्क्यांचा फरक पडला, तर बारा इंच रुंद फळी सुमारें एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, वाढते वा घटते. हें एक सूत कोणत्याहि खिळ्याला किंवा सरसाला दाबून ठेवतां येत नाहीं. त्याला जागा दिली नाहीं तर फळी तडकते. जुने सुतार दाराची मधली फळी चौकटीच्या खांचेंत सरस न लावतां मोकळी बसवीत, ती यासाठींच.

पुष्कळ घरांतून असें घडतें: श्रावणांत दार उंबरठ्याला अडूं लागतें, घरांतून तक्रार होते, व यजमान लागलीच सुताराला बोलावून रंधा फिरवून घेतात. पुढें चैत्र आला म्हणजे त्याच दारांतून बोटभर फट दिसते, आणि दोष लांकडाला दिला जातो. भर पावसाळ्यांत अडणाऱ्या दाराला दिवाळीपर्यंत हात लावूं नये. त्यानंतरहि अडलें तर खुशाल तासावें. नवें काम धरावयाचें तेंहि दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत, हें उत्तम. फळ्या उघड्या हवेंत सुकवावयाच्या तर जाडीच्या प्रत्येक इंचाला सुमारें एक वर्ष, असा ढोबळ हिशेब आहे; भट्टींत सुकविलेला माल मिळत असेल तर हा काळ वांचतो. खेड्यांतले लोक बाभळीचा वा आंब्याचा ओंडका कांहीं महिने विहिरींत वा डोहांत बुडवून ठेवीत, तोहि अडाणीपणा नव्हता. त्यानें झाडांतला गोड रस धुऊन जातो, व भुंगेऱ्याचें अन्नच नाहींसें होतें.

प्रत्येक वस्तूला साग हवाच, हा हट्टहि सोडावा. मुसळाला खैर, गाडीला तिवस व बाभूळ, ही निवड कांहीं गरिबीमुळें झालेली नव्हती. लाटणें, पोळपाट, फणी यांस हळदूचें पिवळसर, घट्ट व एकसारख्या पोताचें लांकूड फार साजरें. शिवण वजनानें हलकी व वांक न धरणारी, म्हणून देव्हाऱ्याला उत्तम. आंबा स्वस्त व मऊ आहे. पण बोरिक-बोरॅक्सच्या द्रावणांत मुरविल्यावांचून तो घरांत आणूं नये, नाहींतर वर्षभरांत खालीं पिठासारखा भुगा पडूं लागतो. उत्तरेकडून ‘शीशम’ म्हणून जें सामान येतें तें शिसूच्या झाडाचें असतें. आपली काळपट-जांभळी शिसवी त्याची सख्खी बहीण खरी, पण अधिक जड, दुर्मीळ व महाग. प्लायवुडचा आम्हांस द्वेष नाहीं. मोरीजवळच्या कपाटाला चांगल्या प्रतीचें जलरोधक प्लायवुड सागाच्या कोवळ्या फळीपेक्षां निश्चित बरें. परंतु भुसा दाबून केलेल्या पाट्या, मग त्यांस कसलेंहि मोहक वेष्टन असो, एकदां पाणी प्याल्या कीं पुरीसारख्या फुगतात व मळसूत्र तेथें पुन्हां धरीत नाहीं.

आणि हें सर्व लिहितांना ज्या गोष्टीकडे आमचें लक्ष वारंवार जातें ती आतां सांगतों. उत्तम, जुना, पुरता मुरलेला साग आज ज्यांच्या मालकीचा आहे, त्यांतले बहुतेक जण तो फुकट देऊन टाकीत आहेत. संभाजीनगरच्या जुन्या मोहल्ल्यांतून, पैठणला, आणि मराठवाड्यांतल्या तालुक्यांच्या गांवीं वाडे उतरविले जात आहेत. मालक पुण्यास, बंगळुरास किंवा परदेशीं, वाटण्या झालेल्या, जागेला किंमत, घराला नाहीं. मग एखादा ठेकेदार येतो व म्हणतो, ‘वाडा आम्ही विनामूल्य पाडून जागा साफ करून देतों, मलबा तेवढा आमचा.’ चार भावांना हें बोलणें मोठें सोईचें वाटतें.

आमच्या परिचयाच्या एका घराण्यांत नेमकें हेंच झालें. पैठणचा त्यांचा वाडा शंभराहून अधिक वर्षांचा. सही व्हावयाची तेवढी राहिली होती. थोरल्या बंधूंनीं सहज म्हणून आम्हांस सांगितलें. आम्ही एक वृद्ध सुतार बरोबर घेतला, एक टेप घेतली, आणि ‘मलबा’ म्हणजे काय तें मोजावयास गेलों. हिशेब शाळेंतला आहे. रुंदी व जाडी इंचांत, लांबी फुटांत घ्यावी, तिघांचा गुणाकार करून १४४ नीं भागावें, घनफूट निघतात. माजघर व ओसरी मिळून तुळया १४. प्रत्येक ८ इंच, १० इंच व १२ फूट. एकीचे ६ पूर्णांक दोन तृतीयांश, सगळ्यांचे सुमारें ९३ घनफूट. खांब १६, आठ इंच चौरस व नऊ फूट उंच, म्हणजे प्रत्येकीं चार, एकूण ६४. कड्या, पाट्या, दारें, दिंडी वेगळींच. सुतारानें पटाशीनें प्रत्येक तुळईचीं टोंकें टोंचून पाहिलीं. भिंतींत गाडलेलीं कांहीं टोंकें ओलीनें भुसभुशीत झालीं होतीं. मधला भाग ठोकला तर घंटेसारखा खणखणत होता. चौथा हिस्सा वाया जाईल असें धरलें तरी ११८ घनफूट उरले. सात फूट उंच, तीन फूट रुंद व दीड इंच जाड अशा एका दाराला २.६ घनफूट लागतात. कापण्यांतली तूट वजा करूनहि तीसेक दारांचें लांकूड तेथें उभें होतें. सागाच्या घनफुटाचा भाव आज कोणत्याहि वखारींत विचारावा, तो हजारांच्या भाषेंतच सांगितला जातो. ठेकेदाराचा परोपकार किती रुपयांचा होता हें भावांना मग कोणी समजावून सांगावें लागलें नाहीं.

लांकूड आम्ही ठेवणार, म्हटल्यावर ठेकेदारानें पाडण्याची मजुरी मागितली, व ती रास्तहि होती. ती दिली. दुसरा प्रश्न अधिक अवघड निघाला: दोन-तीन खोल्यांच्या फ्लॅटांतून राहणाऱ्या माणसांनीं बारा फुटी तुळया ठेवाव्या कोठें? धाकट्या दोघांचें मत विकून पैसे वाटून घेण्याचें पडलें, व त्यांत गैर कांहीं नव्हतें. फक्त भंगाराच्या भावानें नव्हे, तीन वखारींत विचारून, घनफुटावर. निम्मे लांकूड तसें गेलें. उरलेलें संभाजीनगरास आणून सॉ-मिलवर कापविलें. त्याआधीं दोन दिवस लोहचुंबक फिरवून खिळे शोधण्यांत गेले. कारण आंत दडलेला एक खिळा यंत्राचें पातें मोडतो, आणि मग गिरणीवाला जुनें लांकूड पुन्हां उंबऱ्याच्या आंत घेत नाहीं. इतकेंहि करून एक खिळा निसटलाच. बाहेरून तुळया धुरानें व तेलकाजळीनें डांबरासारख्या काळ्या होत्या. पहिला काप पडला आणि आंतून मधाच्या रंगाचें, वीतभर रुंदींत एकहि गांठ नसलेलें लांकूड निघालें. शंभर वर्षांनंतरहि त्याचा वास साऱ्या गिरणींत पसरला. जुनें लांकूड सुकलेलें असलें तरी जाड तुळईच्या पातळ फळ्या केल्या म्हणजे तिच्या आंतला ताण मोकळा होतो, म्हणून फळ्यांमध्यें पट्ट्या घालून, वारा खेळता ठेवून, ती चळत एका स्नेह्याच्या पडवींत एक पावसाळाभर रचून ठेविली आहे.

वाटणीच्या वेळीं बहिणीचाहि हक्क निघाला. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतींत मुलीचा वांटा मुलाच्या बरोबरीचा आहे, व भावांनीं तो न मागतां मानला, हें नमूद करण्यास आम्हांस आनंद होतो. पैशांच्या वांट्याशिवाय तिनें ओसरीवरच्या झोपाळ्याची फळी मागितली. ती साडेपांच फूट लांब, एका अखंड सागाची, मधोमध बसून बसून किंचित् खोलगट झालेली आहे. सुतार म्हणाला, रंधा मारून सपाट करून देतों. बाईंनीं नको म्हटलें. तिनें ती कोमट पाण्यानें पुसून घेतली, सावलींत वाळविली, व जवसाच्या उकळलेल्या तेलाचे दोन हात दिले. तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यांत टाकूं नयेत, त्या आपोआप पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवाव्या, हें आम्ही तिला मुद्दाम सांगितलें. कड्यांच्या भोंकांत जुन्या एरंडेलाचा घट्ट थर बसला होता, तो तिनें काढूं दिला नाहीं. थोरल्या बंधूंच्या जेवणाच्या टेबलाचें माप घेऊन झालें आहे. सुतार दिवाळीनंतरच्या सोमवारीं यावयाचा आहे.